त्या दिवाळीला सर गावी गेले नाहीत

सोयाबीन निघायला लागलं की माझं नाक वाहायला लागतं. अमरावतीत आमची कॉलनी पार शहराच्या टोकाला, कंपाउंडच्या पलीकडे वावरंच. सकाळी थ्रेशर सुरू झालं की भुसा उडतो. तो दोरीवरच्या साड्यांवर बसतो, चहात पडतो, पुस्तकांच्या फटीत शिरतो. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे, गोळी घ्या. घेते. नाक थांबतं. पण त्या भुशासोबत दरवर्षी आणखी एक गोष्ट घरात येते, तिच्यावर गोळी नाही. मला अपराधी वाटायला लागतं. सकाळी केर काढतानाच सुरू होतं ते. दसरा-दिवाळीच्या त्या दिवसांत फराळाची भाजणी भाजायची सोडून मी खिडकीशी उभी राहते आणि मनातल्या मनात एका माणसाला म्हणते, सर, जा. जा ना तुम्ही गावाला.

ते सर म्हणजे गावंडे सर. अकोल्याचे, जुन्या शहरातले. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि आमची परिषद काढली. परिषदेचं नाव लांबलचक, वऱ्हाड संख्याशास्त्र परिषद, आणि माणसं म्हणाल तर एका मेटॅडोरमध्ये मावतील एवढी. कॉलेजातले माझ्यासारखे मास्तर, शेतकी संशोधनातले दोघं-तिघं, दवाखान्यात आकडेमोड करणारी एक मुलगी, विम्यातला एक गृहस्थ. एक महिना बैठक अमरावतीला, एक महिना अकोल्याला. अकोल्याची बैठक सरांच्या माडीवर व्हायची. मूर्तिजापूर मागे टाकून एसटी अकोल्यात शिरायची, मग रिक्षानं मोर्णेचा पूल ओलांडायचा, खाली नदीत पाणी कमी आणि जलकुंभीच जास्त, आणि पलीकडच्या गल्ल्यांत रिक्षा अडली की उतरून चालायचं. रिक्षावाल्याला एकदा मी कौतुकानं सांगितलं की आम्ही आकड्यांचा अभ्यास करणारी माणसं आहोत. तो मागं वळून, आवाज खाली करून म्हणाला, "मंग मॅडम, आज मटक्याचा ओपन काय येते, सांगून टाका ना." आमची गावात एवढीच प्रतिष्ठा.

माडीवर सतरंजी, फळा, आणि काकूंचे निखाऱ्यावर भाजलेले रोडगे. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. वांग्याची भाजी अशी जहाल की पहिल्या घासालाच विम्यातले गृहस्थ डोळे पुसायचे. जेवण झालं की वाद. कोणी कुठल्या सर्वेक्षणातली खोट काढायचं, कोणी स्वतःचीच चूक सगळ्यांसमोर मांडायचं. चूक मांडणाऱ्याला कोणी हसायचं नाही, हा तिथला नियम होता. मी बाहेर इतकी भांडखोर बाई, पण त्या माडीवर मला हरायला आवडायचं. हरल्यावर काकू आणखी एक रोडगा वाढायच्या.

"पण तुमची परिषद करते काय शेवटी?" असं माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. मी सरांना ते सांगितलं. सर खूप हसले आणि म्हणाले, "त्याइले सांग, दोन जनं भांडून राहिले की मधात एक तरी मानूस असा पायजे, ज्याले कोनीबी जिंकलं तरी सारखंच. थो मानूस म्हंजे आपली परिषद." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते अक्षरशः पाळलं. तिथंच घात झाला.

माझी मुलगी बारावीला होती ते वर्ष. पाऊस जायचं नावच घेईना. नवरात्र भिजलं, रावण भिजला. सोयाबीन उभ्या झाडावर शेंगेतच उगवायला लागलं. ओल्या शेंगांचा एक आंबूस वास असतो, एसटीच्या खिडकीतून तो दर्यापूरपर्यंत सोबत यायचा. नुकसान झालंय हे सगळ्यांना दिसत होतं, किती झालंय यावर भांडण होतं. गावकऱ्यांचा तहसील कचेरीवर विश्वास नव्हता आणि कचेरीचा गावकऱ्यांवर. म्हणून दोघांनी मिळून परिषदेला बोलावलं. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोलावलं होतं. आम्ही हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू.

काम तसं सरळ होतं. सगळी वावरं कापून मोजता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी थोडी गावं, त्यांतली थोडी वावरं निवडायची. वावरात चार खुंट्या ठोकून दोरी बांधायची, दोरीच्या आतलं पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. त्यावरून सगळ्या भागाची सरासरी काढायची. सरासरी ठरलेल्या रेषेच्या खाली गेली तर भरपाई, वर राहिली तर नाही. निवडीत सरांचं गाव आलं, दर्यापूरच्या पुढचं. सरांनी लगेच सांगून टाकलं, "तिथं माझा धाकटा भाऊ शेती करतो. मी या कामात नाही." आणि काम माझ्याकडं दिलं. मी तेव्हा परिषदेची सचिव होते.

गावात गेले आणि कर्म माझं, वावरही नेमकं भावाचंच निघालं. मी बांधावरूनच सरांना फोन लावला. "सर, किसनरावांचं वावर आलंय. बदलू का?" सर म्हणाले, "चिठ्ठी काय सोयरीक पाहून निघते काय, सुनंदा? आलं थे आलं."

किसनराव बांधावर माझ्याकडं बघून हसत होते. अंगानं सरांसारखेच, फक्त उन्हानं रापलेले. दादाच्या परिषदेची बाई आली म्हणून घरून चहा मागवला होता, त्यात साखर एवढी की चमचा उभा राहावा. काळ्या मातीनं माझ्या चपला किलोकिलोच्या झाल्या होत्या. त्यांनी काडीनं माती खरवडून दिली. त्यांचं वावर गावात सगळ्यांत उंचावर, टेकाडावर. पाणी थांबत नव्हतं, पीक चांगलं उभं होतं. खाली नाल्याकडची वावरं काळी पडली होती.

"ताई, माह्यं वावर चांगलं हाय म्हून सारं गाव चांगलं हाय काय? थे खाली पाहा ना जरा."

"दिसतंय भाऊ. पण जिथं आलं तिथंच मांडावं लागतं."

त्यांनी मान हलवली. दादाच्या परिषदेची रीत म्हटल्यावर त्यांनी पुढं वादच घातला नाही. दगड घेतला आणि चारी खुंट्या स्वतःच्या हातानं ठोकल्या. मी दोरी ओढून बांधली. दुपारभर ताडपत्रीवर झोडणी झाली, सोयाबीनची लव हाताला लागून मला रात्रभर खाज सुटली होती. अजून ऑक्टोबर आला की उगाच मनगटं खाजवते मी.

सरासरी आली रेषेच्या किंचित वर. अगदी किंचित. मी काढली, दुसऱ्यांनी तपासली, गणित बरोबर होतं. आकड्याच्या खाली आम्ही नेहमीची ओळ लिहिली, प्रमाण त्रुटी अमुक अमुक. साध्या भाषेत सांगायचं तर हा आकडा इकडंतिकडं किती सरकू शकतो ते. आणि तो एवढा सरकू शकत होता, की खरी सरासरी रेषेच्या खालीही असू शकली असती. आमच्यातल्या कोणालाही ती ओळ वाचून हे कळलं असतं. पण ती ओळ वाचणार होते आमच्या बाहेरचे लोक. ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. टपालानं अहवाल पाठवून आम्ही माडीवर गिला वडा खाल्ला, मी अमरावतीहून डबा भरून नेला होता.

वरच्यांनी वरची ओळ वाचली. भरपाई नाही.

दिवाळी आठवड्यावर आली होती. बैठक संपली, सगळे उतरले, मी पिशवी भरत होते. सर गॅलरीत उभे होते. दरवर्षी दिवाळीला ते आणि काकू गावी जायचे, पाडवा भावाकडं करायचे. त्यांनी मला विचारलं. अध्यक्षांनी सचिवाला विचारावं तसं, अगदी रीतसर.

"गावात लय बोंब आहे म्हणते किसन. जाऊन येऊ का? लोकाइले समजावून सांगतो जरा, आकडा काय म्हनते थे."

मी कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "सर, आत्ता नका जाऊ. अपील व्हायचंय अजून. तुम्ही गेलात तर लोक म्हणतील भावासाठी आकडा फिरवतायत. परिषदेवर बोट येईल."

बस. कप खाली ठेवायला लागतो तेवढ्या वेळात मी हे बोलले. त्यात खोटं काही नव्हतं, आजही कोणी नियम काढून बघितले तर मीच बरोबर ठरेन. सर म्हणाले, "हो, बरोबर आहे तुझं." काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. गावात म्हणायला लागले, किसनच्या वावरानं गाव बुडवलं. भाऊ अध्यक्ष, वावर भावाचं, जमलं सारं. थ्रेशरवाला सगळीकडं गेला, त्यांच्या खळ्यावर आला नाही. लक्ष्मीपूजनाला गल्लीतलं एक पोर त्यांच्याकडं फराळाला फिरकलं नाही. आणि किसनरावांनी ओसरीवर बसून एसटीची वाट पाहिली. दादा येईल, दादा बोलला की लोक ऐकतील. पाडवा झाला, भाऊबीज झाली. दादा आला नाही.

त्या हिवाळ्यात गावाकडून तुरीच्या शेंगा आल्या नाहीत. दरवर्षी पोतंभर यायच्या, मीठ घालून उकडलेल्या शेंगा सोलत सोलत आमची बैठक चालायची. त्या महिन्यात काकूंनी बाजारातून शेंगा आणल्या. जून निघाल्या. तरी सगळ्यांनी खाल्ल्या. सरांनी फोन केले, किसनरावांनी उचलले नाहीत. नंतर एका लग्नात दोघं समोरासमोर आले, तर किसनराव बाजूच्या माणसाशी बोलत पुढं निघून गेले म्हणे. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं. भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. चांगल्या माणसाचा अपराध करू नये, तो तुम्हाला शिक्षासुद्धा देत नाही.

तर असा हा माझा सोयाबीनचा हंगाम.

यंदा पावसानं पुन्हा तेच केलं. गणपती भिजले, नवरात्र भिजलं. सर आता ऐंशीच्या पुढं गेलेत, गुडघे धरलेत, अध्यक्षपद त्यांनी कधीच सोडलं. ते माझ्या गळ्यात आहे. आणि एका दुपारी, मी पेपर तपासत बसलेली असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, म्या किसन गावंडे बोलून राहिलो. तुमची परिषद या साली येते काय गावात?"

मी उभीच राहिले. "भाऊ, तुम्ही? तुम्ही बोलावताय आम्हाला?"

"मंग कोनाले बोलावू? कचेरीचं गाव आयकत नाही, गावाचं कचेरी आयकत नाही. तुमी खोटं नाही केलं तवा. म्या सोता खुंट्या ठोकल्या, मले मालूम नाही काय?"

"मग सरांशी का बोलत नाही तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं. "वावरात तर मी होते. रागवायचं तर माझ्यावर रागवा ना."

"तुमच्यावर कायले रागावू? तुमी परक्या, लोकाच्या. आकड्याचा राग नाही, ताई. आकडा पोस्टानं आला, मानूस आला नाही. साऱ्या गावानं पाठ फिरवली आन् माह्या दादानंबी दिवाळी त्याच्या घरी खाल्ली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. मी म्हणाले, "येतो भाऊ आम्ही," आणि फोन ठेवला. त्या दिवशी एकही पेपर धड तपासला नाही, एका मुलीच्या बरोबर उत्तरावर फुली मारून बसले आणि पुन्हा खोडली.

अकोल्याला गेले. मोर्णेत तीच जलकुंभी, गल्लीत तीच अडलेली रिक्षा. सर गॅलरीत खुर्चीवर होते. मी सांगितलं की किसनरावांनी फोन केला होता, परिषद गावात जाणार आहे, आणि यंदा आकडा टपालानं पाठवायचा नाही, गावात उभं राहून वाचायचा, असं आम्ही ठरवलंय. सरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"किसननं फोन केला? सोता?" मग लगेच, तसंच रीतसर, "मंग या दिवाळीले जाऊ काय म्या? का काम झाल्यावर?"

अगं बाई. पुन्हा तोच प्रश्न, तीच गॅलरी, आणि समोर मीच. गाव कामात आहे, भाऊ त्या गावचा, सर परिषदेचे सभासद. नियम अजून तोच आहे आणि अजून बरोबरच आहे. यंदा आमच्या आकड्यावर गावाचं सगळं आहे, त्याच्यावर बोट येऊन चालणार नाही. मी तोंड उघडलं, "सर, परिषद तिथं जातेय म्हटल्यावर सभासदानं..." आणि पुढचं वाक्य येईना.

सर हसले. "बरोबर आहे तुझं. मंग सभासद नाही राहत म्या."

"सर, काहीतरी काय!"

"परिषद काढली तवा म्या होतो, आता तू आहे. तिले म्या लागत नाही. किसनले लागतो." त्यांनी टेबलावरची कुठलीशी लग्नपत्रिका उलटी केली. काकूंनी न विचारता पेन आणून दिला. कोऱ्या बाजूवर त्यांनी दोन ओळींत राजीनामा लिहिला, एकही खाडाखोड नव्हती. मी तो पर्समध्ये ठेवला आणि परतीच्या एसटीत बडनेरा येईपर्यंत पर्स छातीशी धरून बसले. पहिल्यांदा मी त्यांच्याकडून भाऊ घेतला होता. आता परिषदही घेतली.

दुसऱ्याच दिवशी ते गावी गेले. दोघा भावांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी तिथं नव्हते आणि नसायलाच हवं होतं.

परवा गावात आकडा वाचला. शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्र्या टाकल्या होत्या, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, कचेरीचे साहेब खुर्चीवर. शेजारच्या खळ्यावर थ्रेशर चालू होतं. यंदा आम्ही जास्त वावरं घेतली होती, टेकाडावरची आणि नाल्याकडची दोन्ही. तरी सरासरी आली रेषेच्या किंचित वर. दैव म्हणतात ते हेच असावं. मी आकडा वाचला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

मागून एक हात वर आला. सर होते, पार शेवटच्या ताडपत्रीवर, डोक्याला गावातल्या माणसांसारखा दुपट्टा, शेजारी किसनराव.

"मॅडम," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं. "गावातला मानूस म्हून इचारतो. हा आकडा किती चुकू शकते?"

मी सांगितलं. प्रमाण त्रुटी हा शब्द न वापरता सांगितलं. कपाळाला हात लावून ऐकणारी एक बाई पुढं सरकली. "म्हंजे थ्या रेषेच्या खालीबी असू शकते काय?"

"असू शकते."

"मंग वर हाय, असं तुमी छातीवर हात ठेवून सांगता काय?"

"नाही. नाही सांगू शकत मी."

साहेबांनी पेन थांबवला. "हे असंच लिहून द्याल का, मॅडम? याच शब्दांत?"

"देते. आत्ता देते."

भरपाईचं काय होईल ते अजून ठरायचं आहे. पण साहेबांनी ते वाक्य पहिल्या ओळीत लिहून घेतलं, आकड्याच्याही वर. लोक बोलायला लागले, पांगायला लागले. मी मागं गेले. किसनराव भावाला विचारत होते, आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "येवढंच इचाराचं होतं, दादा? मंग तवा कावून नाही आला तू?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग भावाकडं. "तवा बसच नाही भेटली रे," ते म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यात एक दशांश इकडचा तिकडं केला नाही, तो माझ्यासाठी सरळ खोटं बोलला.

"बस होती, भाऊ," मी म्हणाले. "सर यायचं म्हणत होते. मीच जाऊ नका म्हटलं."

थ्रेशर बंद झालं होतं. "हां," एवढंच किसनराव म्हणाले. मग वळून त्यांनी भावाच्या खांद्यावर बसलेला भुसा हातानं झटकला, एकदा, आणि पुन्हा एकदा.